बिनलेबलाची टोपी

६ जानेवारी, सोमवार, सकाळ. जागा: आमच्या गणवेशाच्या कारखान्याचा वरचा मजला. हजर: रेवती, माझ्या भावाची मुलगी, माहितीपट करते. इरफानभाई, कॅमेरा त्यांचा आणि तो ज्यातून आला तो टेम्पोही त्यांचाच. शांताबाई, आमच्या शिलाई विभागाच्या प्रमुख. चंद्रय्या मामा, वय चौऱ्याऐंशी, सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरवस्तीतले जुने विणकर, आजचे पाहुणे. आणि मी. गैरहजर: व्यंकटेश, मामांचा मुलगा. येतो म्हणाला होता. चहा दोनदा झाला.

ही गेल्या वर्षीच्या डायरीतली नोंद. मला नोंदी ठेवायची सवय आहे. गणवेशाच्या धंद्यात नोंद चुकली की एका शाळेच्या चड्ड्या दुसऱ्या शाळेला जातात आणि मग दोन्हीकडचे मुख्याध्यापक फोन करतात. हळूहळू ही सवय घरी आली, प्रवासात आली, लग्नकार्यांत आली. रेवती हसते. म्हणते, "आत्या, तू स्वर्गात गेलीस तरी दारात उभी राहून हजेरी घेशील." घेईन की. कोण आलं आणि कोण आलं नाही, हे कुणीतरी लिहून ठेवायलाच हवं.

आता पुन्हा जानेवारी आला आहे. सोलापुरातला जानेवारी मला आधी नाकाला कळतो. शहराबाहेरच्या शेतांत आगट्या पेटतात, ज्वारीची कोवळी कणसं भाजली जातात, आणि तो गोडसर धूर सकाळी सातच्या थंडीत थेट आमच्या गच्चीवर येतो. त्यामागून डोळ्यांना कळतो. गड्ड्याची जत्रा, म्हणजे ग्रामदैवताची संक्रांतीची यात्रा, जवळ आली की गल्लीगल्लीतल्या दोऱ्यांवर पांढऱ्या बाराबंद्या, बारा बंदांचे अंगरखे, वाळायला लागतात. संध्याकाळी नंदीध्वजाची उंच काठी पेलायचा सराव करणारी माणसं मान वर करून चालत असतात आणि रिक्षावाले एरवी कुणासाठी थांबत नाहीत ते त्यांच्यासाठी थांबतात. वर्षातले हे काही दिवस सोलापूर पांढरं असतं. आमच्या मशिनी मात्र अर्ध्या झोपेत असतात, कारण गणवेशाचा खरा हंगाम उन्हाळ्यात. म्हणून रेवती जानेवारीतच येते. तिला माहीत आहे, या दिवसांत आत्याकडे जागा, माणसं आणि कापड तिन्ही मोकळं असतं.

गेल्या जानेवारीत तिला टोप्या हव्या होत्या. साध्या, पांढऱ्या, जुन्या पद्धतीच्या.

सोलापूरकराला याचं कारण सांगावं लागत नाही, बाहेरच्यासाठी सांगते. १९३० च्या उन्हाळ्यात या शहरानं इंग्रज सरकारला काही दिवस जुमानलं नाही. मग मार्शल लॉ आला. झेंडा बाळगणं गुन्हा ठरलं. डोक्यावर पांढरी टोपी दिसली तरी शिपाई अडवायचे. पुढच्या जानेवारीत इथल्या चौघांना फाशी दिलं. त्यांचे पुतळे शहराच्या मध्यावर आहेत आणि त्या जागेला आम्ही नुसतं 'चार पुतळा' म्हणतो. रिक्षावाल्याला सांगताना म्हणतो, मैत्रिणीला भेटायचं ठरवताना म्हणतो. एखादं नाव इतकं अंगवळणी पडलं की माणूस वर बघायचं विसरतो. मीही विसरते.

रेवतीचा माहितीपट त्या चौघांवर नव्हता. "त्यांच्यावर बोलणारे खूप आहेत," ती म्हणाली. "मला बाकीचं शहर हवंय. ज्यांना दुसऱ्या दिवशी उठून माग चालवायचा होता, ते त्या आठवड्यांत काय करत होते?"

अशा माणसांत एक होते राजय्या, चंद्रय्या मामांचे वडील. पूर्व भागात त्यांची गोष्ट लहान पोरांनाही पाठ. गल्लीच्या तोंडावर शिपायानं टोपी काढायला सांगितली, राजय्यांनी काढली नाही. बंदुकीचा दस्ता डोक्यात बसला, टोपी रक्तानं लाल झाली, तरी काढली नाही. दर जानेवारीला, चौघांच्या स्मृतिदिनी, तिथलं मंडळ चंद्रय्या मामांना खुर्चीवर बसवून शाल आणि नारळ देतं. व्यंकटेशचे टॉवेलचे यंत्रमाग आहेत. त्याच्या टॉवेलचं नाव 'टोपी छाप'. लेबलवर ताठ पांढरी टोपी घातलेलं डोकं आणि खाली दोनच शब्द: 'झुकली नाही'. चांगला टॉवेल आहे. आमच्याकडे तोच वापरतात. टोपीचा हा प्रसंग रेवतीला माणसं उभी करून चित्रित करायचा होता, टोप्या त्यासाठीच.

माहितीपट हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर आधी टॉकीजमधला अंधार येतो. लहानपणी सिनेमाच्या आधी सरकारी बातमीपट दाखवत. लोक मुद्दाम उशिरा येत. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, मात्र वेळेच्या आधी नेत, कारण त्यांना तेच बघायचं असे. कुठे पूर, कुठे दुष्काळ, कुठे रेल्वे घसरलेली. काळीपांढरी माणसं, आणि त्यांच्यावरून बोलणारा एक भारदस्त आवाज, ज्याला कधी खोकला आला नाही. एका पुरात एक बाई छपरावर बसलेली होती. तिच्या मांडीत एक पितळी घागर होती, मूल नव्हे, घागर. कॅमेरा तिच्यावरून फिरला आणि पुढच्याच क्षणी तिरंगा, संचलन, बँड. आवाज म्हणाला, देश पुन्हा उभा राहिला. मी आप्पांना विचारलं, "ती बाई खाली उतरली का?" ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात दाखवतील." मी पुढच्या आठवड्यात हट्ट करून गेले. दुसरंच काहीतरी दाखवलं. मला पन्नाशी उलटली, ती बाई अजून छपरावर आहे.

रेवतीला मी हे सांगितलं होतं. मला वाटतं, ती जे करते त्यात थोडी ती बाई आहे.

तर तो सोमवार. खिडकीपाशी मामांची खुर्ची मांडली. खाली मशिनी बंद ठेवल्या, कारण इरफानभाईंना आवाज चालत नाही. शांताबाई कोपऱ्यात टोप्यांचे दोरे कातरत होत्या. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केसांना भरपूर तेल. डोकं उघडं. त्यांना मी कधी टोपीत पाहिलं नव्हतं.

रेवतीनं विचारलं, "मामा, शिपायानं टोपी काढ म्हटल्यावर तुमचे वडील काय म्हणाले?"

"काय म्हणणार? काढली."

रेवतीला वाटलं, मामांना प्रश्न ऐकू आला नाही. तिनं मोठ्यानं पुन्हा विचारला.

"ऐकू आलं की," मामा म्हणाले. "काढली. लगेच काढली. तो सांगून पुरं करायच्या आत."

शांताबाईंची कात्री थांबली. इरफानभाईंनी कॅमेरा थांबवला नाही, म्हणून मी त्यांना मानते.

"पण चौकात दर वर्षी सांगतात..."

"ते सांगतेत. मी कुटं सांगितलंय? बाप जेवताना सांगायचा. भाकर मोडता मोडता. म्हणायचा, चंद्रा, शिपाई माझ्याच वयाचा हुता. तो बी भ्याला हुता आन मी बी. मी टोपी काढली, घडी घातली, बंडीत खुपसली. घरी आलो आन मागाच्या खड्ड्यात पुरली."

जुन्या हातमागाला जमिनीत खड्डा असतो. विणकर त्यात पाय सोडून बसतो आणि पायांनी माग चालवतो. म्हणजे मार्शल लॉचे ते सगळे आठवडे राजय्या टोपीवर पाय ठेवून विणत होते.

"कायदा उठला त्या दिवशी उकरून काढली, धुतली, घातली," मामा सांगत होते. "मग मरेपर्यंत उतरली न्हाय. झोपताना उशाशी. पुढं टोपीची फॅशन गेली, पोरं हसायची, 'ओ पुढारी' म्हणायची. तरी घालायचा. अंगात ताप असला तरी घालायचा."

"मग ते रक्त? तो दस्ता?"

"ते एका वर्षी भाषण करणाऱ्यानं लावलं. त्याला वाटलं, कमी पडतंय. पुढल्या वर्षी दुसऱ्यानं त्यात रगत वतलं."

"आणि तुम्ही कधीच बोलला नाहीत?"

"बोललो की! एकदा माईक घेटला हातात. म्हटलं, मंडळी, खरं सांगायचं तर. तेवढ्यात माईकवाल्यानं राष्ट्रगीत लावलं. सगळे उभे. मग मी बी उभा."

आम्ही सगळेच हसलो. इरफानभाईंचा कॅमेरासुद्धा हलला, ते चित्र फिल्ममध्ये तसंच आहे. मामाही हसले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळले. बाईमाणसाला ते तेलुगू पद्धतीनं 'अम्मा' म्हणतात.

"हसा, हसा. पण अम्मा, मला चौऱ्याऐंशी झाली. दर वर्षी शाल घेतो, घरी येतो, ट्रंकेत टाकतो. आता ट्रंकेचं झाकण लागत न्हाय. बापानं टोपी समद्यांदेखत काढली हुती. मला बी समद्यांदेखत सांगायचंय. तेवढं एक झालं की मी मोकळा."

डायरीत मी त्या दिवशी एवढंच लिहिलं: मामांना गल्लीसमोर बोलायचं आहे. राष्ट्रगीत मध्ये येता कामा नये.

संध्याकाळी व्यंकटेश आला. सकाळी नाही आला, पण बातमी त्याच्याकडे आमच्याआधी पोचली होती. जिन्यातच म्हणाला, "मॅडम, तेवढं कट करा."

"काय कट करू?"

"तुमाला म्हाईत हाय की. अप्पांचं वय झालंय. कायबी बोलतेत."

"सकाळी त्यांनी आमच्या वीज बिलातली चूक काढून दाखवली, व्यंकटेश."

तो हसला नाही. जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. "लोक भित्रा म्हणतील. माझी पोरं शाळेत त्या दिवशी आजोबाच्या बापावर भाषण करतेत. त्यांना मी काय सांगू? धंद्याचं तर सोडाच." मीही धंदा करते. नावावर माल जातो हे मला कळतं. रेवतीनं त्याला सांगितलं की ती विचार करेल. ती खरंच विचार करत होती. त्या रात्री जेवताना म्हणाली, "आत्या, मी इथं एक शूर माणूस शोधायला आले होते. आता काय करू?" मी म्हटलं, "आधी भाजी घे."

दोन दिवसांनी तिनं प्रसंग बदलला. शिपाई दरडावतो आणि माणूस टोपी काढतो, घडी घालतो, बंडीत ठेवतो. बस. पूर्व भागातल्या एका जुन्या बोळात सकाळच्या उन्हात चित्रण ठेवलं. राजय्या झाला होता आमच्या पॅकिंग विभागातला एक उंच कामगार. मामा बाजूला खुर्चीत बसून, हातात शेंगदाण्याची पुडी. शिपायानं दरडावलं. आमच्या राजय्यानं हात वर नेला, टोपी काढली, छातीशी आणली, आणि इरफानभाई ओरडले, "रुको, रुको, रुको!"

आम्ही सगळे कॅमेऱ्याच्या पडद्याभोवती गोळा झालो. टोपीच्या आतल्या कडेला, अगदी मधोमध, आमच्या कारखान्याचं लेबल. नाव, माप 'एल', आणि खाली बारीक अक्षरांत धुण्याच्या सूचना.

"मॅडम," इरफानभाई म्हणाले, "ब्लीच नक्को लिखेला है इसमें. अंग्रेजां के टाइम पे ब्लीच था क्या?"

मी शांताबाईंकडे पाहिलं. त्या कमरेवर हात ठेवून तयारच होत्या. "माझ्याकडं काय बघताय? लेबल लावल्याबिगर माल खाली जाणार न्हाय, हे भिंतीवर कुणी लिवलंय? तुमीच की. मला काय म्हाईत, टोपी काढायचीय म्हणून. आदी म्हणाला हुता, न्हाय काढायची."

खरं होतं. पहिल्या प्रसंगात टोपी डोक्यावरच राहणार होती. ती तशीच राहिली असती, तर ते लेबल जगात कुणालाही दिसलं नसतं. गोष्ट छान झाली असती, टाळ्या पडल्या असत्या, आणि आत आमचं 'एल' बसून राहिलं असतं. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. शेंगदाणे सांडले. "बापाच्या टोपीला लेबल नव्हतं, अम्मा," ते म्हणत होते, "लेबल मागनं लागलं, भाषणात लागलं!"

शांताबाईंनी तिथंच, दगडी पायरीवर बसून, दातांत दोरा धरून सगळी लेबलं उसवली. ऊन चढायच्या आत प्रसंग पुरा झाला.

तेवढ्यात व्यंकटेश स्कूटरवरून उतरला. पडद्यावर टोपी उतरत होती, ती त्यानं पाहिली. "अप्पा, ह्यांनी तुमच्याकडनं वदवून घेटलंय," तो म्हणाला.

"वदवून घ्यायला हे काय पोलीस हाईत?"

"लोक आपल्या आजोबाला भित्रा म्हणतील, अप्पा."

"म्हणू देत. भ्याला हुता, मग भित्राच म्हणतील." मामा खुर्चीतून उठले. उठताना त्यांनी मुलाच्याच खांद्याचा आधार घेतला. "पण तो भित्रा माणूस त्याच्यानंतर मरेपर्यंत टोपी घालून हिंडला. त्याला काय म्हणायचं, ते बी इचार त्यांना."

व्यंकटेश मामांना स्कूटरवर बसवून घरी घेऊन गेला. त्या वर्षी स्मृतिदिनाला मामा गेले नाहीत. सर्दी झाल्याचं कळवलं. मंडळानं शाल घरी पाठवली, ती त्यांनी परत केली.

रेवती पुण्याला गेली. फिल्मचं काम पुढे महिनोन् महिने चाललं. मी माझ्या हंगामात बुडाले. पण मधूनच, कुठल्यातरी शाळेचा गठ्ठा बांधताना, मामांचं ते भित्र्या माणसाबद्दलचं वाक्य आठवायचं, आणि त्यामागून एक लोखंडी पाइप.

किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी मी कॉलेजात होते. आप्पांनी पुढच्या उन्हाळ्यात तिकडच्या एका गावातल्या मुलांसाठी गणवेश शिवले आणि पंधरा ऑगस्टला टेम्पोतून आम्ही ते घेऊन गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये शाळा होती. मागे अजून दगडांचे ढीग. माझ्या मनात टॉकीजमधला तो आवाज होता, देश पुन्हा उभा राहिला. प्रत्यक्षात झेंड्याला काठी नव्हती. गुरुजींनी कुणाच्यातरी मोडलेल्या पंपाचा पाइप आणला होता. तो सरळ उभा राहीना. दगड लावले, तरी एका बाजूला कलायचा. शेवटी दोन मुलं पाइपला मिठी मारून बसली आणि झेंडा वर गेला. सगळे सलामी देत होते, ती दोघं देत नव्हती, कारण त्यांचे हात गुंतले होते. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या वेळी मनात म्हणत होते की पुढच्या वेळी येताना सिमेंट आणायला हवं. आजही मला तेच सुचेल. पण शौर्य म्हटलं की मला आता घोड्यावरचे पुतळे दिसत नाहीत, ते मिठी मारलेले हात दिसतात. भूकंपात ती मुलं पळालीच असतील. पळावंच. त्यानंतर येऊन पाइप धरला, हे महत्त्वाचं.

फिल्म डिसेंबरात पुरी झाली. पहिला खेळ कुठं करायचा यावर रेवती आणि मी भांडलो नाही. मामांच्या गल्लीत, स्मृतिदिनाच्या संध्याकाळी, मंडळाच्याच मांडवात. मी मंडळाच्या अध्यक्षांकडे स्वतः गेले. फिल्ममध्ये काय आहे ते सांगितलं. लपवून दाखवायचं असतं तर मग फिल्म कशाला करायची? त्यांनी आधी चहा मागवला. "बघू या की," म्हणाले. "आमी बी बघतो." व्यंकटेशला निरोप धाडला. उत्तर आलं नाही.

१२ जानेवारी, संध्याकाळ. हजर: सगळी गल्ली. पडद्यासाठी पांढरी चादर, दोन बाजूंच्या खिडक्यांना बांधलेली. म्हातारी माणसं पुढे, मफलर आणि कानटोप्यांत. बायका ओट्यांवर, त्यांचं आपसात तेलुगूत चाललेलं. मागच्या बोळातले माग थांबवायचं ठरलं होतं, एक जण विसरला होता, त्यामुळे खटखट चालूच. मी माझ्या यादीतलं पहिलं काम आधी उरकलं: माईकवाल्याकडून राष्ट्रगीताचा पेनड्राइव्ह मागून घेतला आणि पर्समध्ये टाकला. "शेवटी देते," म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, माझ्यावर भरवसा न्हाय व्हय?" नव्हता. व्यंकटेश आला होता. मांडवाच्या खांबाला टेकून, एकटा.

फिल्म सुरू झाली. मामा पडद्यावर तेल लावलेल्या केसांत दिसले तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. रेवतीचा प्रश्न आला. मामांचं उत्तर आलं. काय म्हणणार? काढली.

शिट्ट्या थांबल्या. तो विसरलेला माग तेवढा ऐकू येत होता. पडद्यावर उंच राजय्यानं टोपी काढली, घडी घातली, बंडीत ठेवली. टोपीच्या आत काहीच नव्हतं, नुसता पांढरा कपडा. समोर मामांची पाठ दिसत होती. ती हलत नव्हती.

मग पुढच्या रांगेतून एका म्हातारीचा आवाज आला, कुणाला उद्देशून नाही, जसं बाई तांदूळ निवडता निवडता बोलते तसा. "आमच्या मामंजीनी चुलीत घातली हुती."

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "आमच्यात जोंधळ्याच्या कणगीत ठेवली म्हणं." ओट्यावरून एक बाई तेलुगूत काही म्हणाली, शेजारणीनं मराठीत सांगितलं, "ह्यांच्या आजोबानं शिपायालाच दिली, म्हणाला, तूच ठेव." आता हसू मोठं झालं. एकेका घरातून टोप्या निघायला लागल्या. कोंबड्यांच्या खुराड्यातून, आडातल्या बादलीतून, बाळंतिणीच्या खाटेखालून. इरफानभाईंनी फिल्म थांबवली, कारण ती कुणी बघतच नव्हतं. आणि मला कळलं की या गल्लीत प्रत्येक घरात पुरलेली एक टोपी होती, आणि सगळे इतकी वर्षं एका न काढलेल्या टोपीसमोर टाळ्या वाजवत बसले होते.

व्यंकटेश खांबापासून निघाला. सरळ माईककडे. मी पर्स मुठीत धरली, जसं काही तो तिच्यातून राष्ट्रगीत ओढून काढणार होता. त्यानं माईक घेतला. वडिलांकडे पाहिलं नाही.

"तो खड्डा आजून हाय," तो म्हणाला. "आमच्या गोदामात. वर फरशी टाकलीय. टॉवेलचे गठ्ठे ठेवलेत त्यावर." माईक दुसऱ्या हातात घेतला. "उद्या सकाळी फरशी काढतो. ज्याला बघायचंय त्यानं या."

माईक ठेवून तो वडिलांच्या शेजारी जमिनीवर बसला. मामांना बोलायचं होतं, भाषण तयार होतं, मला माहीत आहे, कारण त्यांनी दोनदा मला म्हणून दाखवलं होतं. ते बोललेच नाहीत. त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गठ्ठे हलवाय माणसं लागतील की रं."

"लावतो, अप्पा."

"आन ते लेबल."

"बदलतो."

"बदलू नको. टोपी छापच राहू दे. फकस्त डोक्यावरनं काढून हातात दे."

मी माईकवाल्याला पेनड्राइव्ह दिला. राष्ट्रगीत लागलं. या वेळी मामा इतरांच्या आधी उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी फरशी निघाली. खड्ड्यात कोरडी माती आणि मागाचा एक मोडका धोटा, बाकी काही नाही. लोक येत होते, वाकून बघत होते, जात होते. मामा तिथं स्टुलावर बसले होते. मी निघताना त्यांनी हाक मारली. "अम्मा, मला एक शिव."

"काय शिवू, मामा?"

"टोपी. आजवर घातली न्हाय. भाषणातली बापाची टोपी माझ्या डोक्यावर हुती, माझी कुटं ठेवणार? आता घालतो. बिनलेबलाची."

"वडिलांच्या मापाची करू का? जुनी असेल ना घरात?"

"बापाच्या मापाची नगं. माझ्या डोक्याच्या मापाची."

टेप माझ्या पर्समध्ये असतोच. काढला. तर म्हणाले, आत्ता नको, एवढ्या माणसांत नको, केसांना तेल हाय, तुझा टेप खराब होईल. दोन दिवसांनी गेले, तर मामा टेंभुर्णीला लेकीकडे. हुरडा खायला. जावयाच्या रानात कणसं आहेत तोवर काही येत नाहीत, व्यंकटेश म्हणाला. त्याच्या टेबलावर नव्या लेबलाचा नमुना होता. हातात धरलेली टोपी. हाताची बोटं नीट जमली नव्हती, ते मी त्याला सांगितलं.

आज या कामाची यादी मिटवायला बसले. चादर धुऊन परत केली. खुर्च्या परत गेल्या. मंडळाला फिल्मची प्रत दिली. पोरांनी शाळेच्या सव्वीस जानेवारीच्या भाषणात खड्ड्याची गोष्ट घातली आहे, असं व्यंकटेशच्या बायकोनं फोनवर सांगितलं, तेही लिहून ठेवलं. शांताबाईंनी टोपीचं कापड बाजूला काढून ठेवलं आहे आणि त्यावर खडूनं 'लेबल नको' असं लिहिलं आहे, म्हणजे कुणी सवयीनं लावायला नको. दोरा भरलेला आहे. मशीन मोकळं आहे. खिडकीतून आगटीचा धूर येतो आहे, म्हणजे कणसं अजून आहेत.

एकाच ओळीपुढे खूण नाही. चंद्रय्या मामा, डोक्याचं माप: घ्यायचं आहे.